भातसाकाठचा गाव-अभ्यास

गावाचा अभ्यास म्हटला की मराठी वाचकाला त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) आठवतो. वेस, चावडी, पाटील-कुलकर्णी, बलुतेदार हा त्यातला सारा पसारा देशावरचा. तो नकाशा हातात घेऊन कसारा लोकलने खडवलीला उतरणाऱ्याची पंचाईत होते. कल्याण-शहापूरच्या या पट्ट्यात वस्ती एका वेशीत मावत नाही. आगरी-कुणब्यांची घरे एकीकडे, कातकरी-ठाकरांचे पाडे दुसरीकडे आणि मध्ये भाताची खाचरे. म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना पहिली विनंती अशी की आत्रे जरूर वाचा, पण जमिनीवरून सुरुवात करा.

इथल्या जमिनीचा हिशेब दुहेरी आहे. सखल भागात भात पिकते आणि उतारावरच्या वरकस जमिनीतून त्याला राब मिळतो. पावसाआधी फांद्या, पालापाचोळा, शेण वाफ्यावर पसरून भाजायचे, त्यात बी टाकायचे आणि रोपे वाढली की आवणी करायची. १८८२च्या ठाणे गॅझेटिअरने या पद्धतीची सविस्तर दखल घेतली आहे. पुढे जंगलखात्याने फांदी तोडण्यावर बंधने आणली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की सरकारला १८८५मध्ये जंगल आयोग नेमावा लागला. राबाची गोष्ट सांगताना हा राजकीय भाग गाळला, तर उरते ते केवळ कौतुक, आणि गावाबद्दलच्या आपल्या लेखनात कौतुक आधीच फार झाले आहे.

खडवलीचे खरे वैशिष्ट्य मात्र नदी. सह्याद्रीतून येणाऱ्या आणि पावसाळ्यात दुथडी भरणाऱ्या ठाण्याच्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात डबक्यांवर येतात. भातसा मात्र ऐन मे महिन्यातही खडवलीला वाहती दिसते. याचे श्रेय निसर्गाइतकेच मुंबईला आहे. शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचे पाणी नदीपात्रातून खाली सोडले जाते, पिसे येथे अडवून उपसले जाते आणि पांजरापूरला शुद्ध होऊन महानगरात पोहोचते. मुंबईच्या सात जलाशयांत भातसाचा वाटा सर्वांत मोठा, जवळपास निम्मा. रविवारी डबे घेऊन नदीवर येणारा मुंबईकर बहुधा आपल्याच नळाच्या पाण्यात डुंबत असतो.

रेल्वेचेही तसेच. कल्याणला १८५४मध्ये पोहोचलेला लोहमार्ग पुढच्याच वर्षी वाशिंदपर्यंत गेला आणि १८६१मध्ये कसाऱ्याला. ही वाट खडवलीसाठी आखलेली नव्हती, थळघाट चढून पलीकडे जाण्यासाठी होती. पण गावातल्या नोकऱ्या, दूध-भाजीचा व्यापार, शाळा-कॉलेज, एवढेच काय, घरी जेवणाची वेळही लोकलने ठरते. त्यामुळे गावाची हद्द तलाठ्याच्या नकाशावर असते तिथेच अभ्यासाचीही संपावी, असा आग्रह मला मान्य नाही. शहराने गावाला काय केले हे पुष्कळांनी लिहिले. गावाच्या पाण्यावर आणि मनुष्यबळावर शहर कसे उभे राहिले, हे खडवलीसारख्या ठिकाणी बसून लिहायचे अजून पुष्कळ आहे.

त्यासाठी पदवी लागत नाही. सातबारा आणि फेरफार वाचता यावेत, गावदेवीच्या जत्रेला मान कुणाचा आणि का, हे विचारायची भीड नसावी, आणि म्हाताऱ्या बायकांशी बोलायला सवड असावी. लावणीच्या चिखलातला इतिहास कागदापेक्षा त्यांच्याकडे जास्त आहे. पहिली फेरी राब भाजायच्या दिवसांत, पावसाच्या आधी करावी. पावसाळ्यात आलात तर काठावरूनच पाहा. दरवर्षी इथे पोहायला उतरलेले लोक बुडतात, आणि तेही बहुतेक बाहेरचे असतात.