जुनी गिटार कोटींत जाते, मग गावातली जुनी पेटी-तंबोरा घेऊन ठेवावा का?

जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात १९५९ सालची मार्टिन कंपनीची गिटार ६० लाख डॉलरला विकली गेली. तेव्हाच्या भावानं साधारण ४५ कोटी रुपये. अशा बातम्या वाचल्या की धाराशिवमधल्या माणसालाही वाटणारच, भजनी मंडळाची माळ्यावर पडलेली पेटी किंवा एखाद्या वाड्यातला तंबोरा आज स्वस्तात घेतला, तर दहा वर्षांनी पैसे होतील का?

पहिली गोष्ट, ती गिटार निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनची होती. १९९३ च्या एमटीव्ही अनप्लग्डमध्ये त्यानं वाजवलेली. म्हणजे किंमत लाकडाची नाही, नावाची. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं १९६५ मध्ये लंडनच्या दुकानातून घेतलेली कोलकात्याची सतार २०१७ मध्ये ६२,५०० डॉलरला गेली. त्याच कारागिरांची दुसरी सतार त्या भावाला कोण घेणार?

पण नाव नसलेल्या जुन्या गिटारीही महाग असतात, हे खरं. गिब्सनच्या १९५८ ते ६० दरम्यानच्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल गिटारी आज लाखो डॉलरला जातात. तेव्हा त्या फारशा खपल्या नव्हत्या, म्हणून कमी बनल्या. पुढे एरिक क्लॅप्टनसारख्यांनी त्या वाजवल्यावर मागणी आली. मुख्य म्हणजे त्या कारखान्यात बनल्या. प्रत्येकीवर नंबर, कुठल्या साली कुठला सुटा भाग लागायचा याची माहिती. मूळ रंग खरवडून नवा दिला, तर किंमत निम्म्यावर येऊ शकते. बाजार पैसे मोजतो ते 'काहीच बदललेलं नाही' या खात्रीचे.

आता आपल्याकडे या. धाराशिव ज्या लातूर-मिरज रेल्वेमार्गावर आहे, त्याच्या शेवटच्या टोकाला सतार-तंबोऱ्यांचं गाव आहे. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झालं. मूळचं हे घराणं हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांचं. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढा भागातून, म्हणजे त्याच मार्गाच्या आसपासहून. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

तरीही मिरजेचा जुना तंबोरा गिब्सनसारखा चढत नाही. तंबोरा दुरुस्तीवरच जगतो. जवारी झिजली की पुन्हा काढायची, खुंट्या बदलायच्या, पॉलिश करायचं, भोपळ्याला चीर गेली तर सांधायची. चाळीस-पन्नास वर्षं वाजलेल्या तंबोऱ्यात मूळचं किती उरलंय हे सांगणं अवघड. गिटारच्या बाजारात ज्यानं भाव पडतो, त्यानंच तंबोरा वाजता राहतो. शिवाय जुन्या वाद्यांवर बहुधा नंबर नसतो, म्हणून वय आणि कारागीर ठरवायला जाणत्याची नजरच लागते. आणि घेणारा असतो गाणारा माणूस. तो आवाज बघतो, साल नाही.

पेटीचं थोडं वेगळं. जुन्या पेटीला भाव येतो तो तिच्या सुरांमुळे, म्हणजे आतल्या पितळी रीडमुळे. पॅरिस किंवा जर्मन सुरांची पेटी म्हटलं की वादक आजही जास्त पैसे मोजतात. पण सूर काढून दुसऱ्या खोक्यात बसवता येतात. त्यामुळे बाहेर जुनं नाव आणि आत नवे देशी सूर, असंही असू शकतं. पेटी उघडून न बघता व्यवहार करणं म्हणजे सरळ जुगार.

खरी जोखीम मात्र कायद्यात आहे. जुन्या तंबोऱ्यांच्या नक्षीत हस्तिदंत असू शकतो. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, वस्तू आजोबांच्या काळातली असली तरी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात 'पुरावस्तू' ठरू शकते, आणि तशी वस्तू खासगी माणसाला परदेशात विकता येत नाही. म्हणजे जिथे मोठी किंमत मिळेल असं वाटतं, तो रस्ताच बंद. उलट बाजूनं परदेशातली जुनी गिटार मागवायची म्हटलं, तर १९६० च्या आसपासच्या अनेक गिटारींत ब्राझिलियन रोझवूड असतं. १९९२ पासून त्याला सीमेपार न्यायला खास परवाने लागतात.

एवढं करूनही घ्यायचीच असेल, तर सोबत वाजवणारा माणूस न्या. पांढरी नक्षी कशाची आहे हे आधी विचारा, जमलं तर मूळ खरेदीची पावती किंवा जुना फोटो मागा. आणि दुरुस्तीचा खर्च भावातून आधीच वजा करा. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बंद खोलीत पडून राहिलेल्या वाद्याचं लाकूड आणि भोपळा तडकलेला असण्याचीच शक्यता जास्त.