फिडेल : बाराखडीची आफ्रिकेतली लेक

परदेशी भाषा शिकवण्याच्या ज्या वर्गांत ‘सायलेंट वे’ ही पद्धत वापरतात, तिथे भिंतीवर रंगीत अक्षरांचे तक्ते टांगलेले असतात. त्या भाषेतल्या प्रत्येक ध्वनीला एक रंग. तो ध्वनी ज्या ज्या अक्षरांनी लिहिला जातो, ती सगळी त्याच रंगात एकाखाली एक. एकट्या इंग्रजीला असे आठ तक्ते लागतात, कारण एकच ‘ई’ तिथे किती तऱ्हांनी लिहितात हे आपण शाळेत सोसलेलं आहे. या तक्त्यांना ‘फिडेल’ म्हणतात : इंग्रजीचा फिडेल, फ्रेंचचा फिडेल, स्पॅनिशचा फिडेल. नाव ऐकून लॅटिनमधला ‘इमानी’ या अर्थाचा शब्द आठवतो. ध्वनीशी इमान राखणारा तक्ता म्हणून तो शोभूनही दिसतो.

पण हे नाव इथिओपियाचं आहे. अम्हारिक भाषेत फिदेल म्हणजे अक्षर आणि अक्षरमालाही. तिथल्या शाळांत मुलं जो तक्ता सुरात घोकतात, तोही फिदेलच. त्याची एक ओळ मी देवनागरीत उतरवून देतो : ल, लू, ली, ला, ले, ल्, लो. आणखी एक ओळ म, मू, मी, मा, मे, म्, मो. मराठी शाळेत पाटीवर बाराखडी गिरवलेल्या माणसाला पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. मला तर ही ओळ भेटल्यापासून चैन नाही, आणि पुढचं सगळं तिच्यापायी लिहिलं आहे.

परदेशी भाषांच्या शिक्षणसाधनांचा रूढ इतिहास लवकर सांगून होतो. १६५८ साली कोमेनियसने न्युरेंबर्गला लॅटिन-जर्मन शब्दांचं चित्रमय पुस्तक छापलं, १८७८ साली बर्लिट्झने अमेरिकेत शाळा काढली आणि मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवलं, दुसऱ्या महायुद्धानंतर ध्वनिफितींच्या भाषा-प्रयोगशाळा आल्या. फिडेलचे कर्ते केलेब गतेन्यो या रांगेत नीट बसत नाहीत. १९११ साली अलेक्झांड्रियात जन्मलेले गतेन्यो मुळात गणिताचे. १९५३ साली बेल्जियममध्ये जॉर्ज क्विझनेर या शिक्षकाशी त्यांची गाठ पडली. क्विझनेर यांनी मुलांना अंकगणित शिकवायला एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या रंगीत लाकडी कांड्या केल्या होत्या : एकाची पांढरी, दोनाची लाल, नवाची निळी, दहाची नारिंगी. गतेन्योंनी त्या उचलल्या आणि पुढे थेट भाषेच्या वर्गात नेल्या. शिक्षक एक कांडी उचलतो, नवा शब्द एकदाच उच्चारतो आणि गप्प होतो. मग मुलांनी बोलायचं : कांडी, निळी कांडी, निळी कांडी घे, तिला दे. चार-दोन वस्तूंत क्रियापद, सर्वनाम, विशेषण आणि विभक्ती यांचा सराव होतो. १९६३ साली त्यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिलं.

त्याआधी, १९५७ साली, ते युनेस्कोतर्फे इथिओपियाला गेले होते. तिथे अम्हारिक वाचन शिकवण्याच्या प्रयत्नात त्यांना ध्वनीला रंग देण्याची कल्पना सुचली. इंग्रजी शिकवणाऱ्याला ती सहज सुचली नसती, असं मला वाटतं. अम्हारिकचा तक्ता जात्याच सुरेख रचलेला आहे. आडव्या ओळीत एकच व्यंजन, उभ्या ओळीत एकच स्वर. नुसतं पाहूनच डोळ्याला कळतं की या उभ्या रांगेतल्या सगळ्या अक्षरांत काहीतरी समान आहे. रंग त्या समानतेवर चढवला की झालं. पुढे इंग्रजीसारख्या बेशिस्त लेखनाच्या भाषेला त्यांनी हीच शिस्त लावली आणि तक्त्याचं इथिओपियन नावही तसंच ठेवलं. साधन आणि नाव दोन्ही एकाच घरून आली.

इथपर्यंत सरळ आहे. खरा प्रश्न त्यापुढचा. इथिओपियाच्या लिपीत ही बाराखडी आली कुठून?

ती लिपी दक्षिण अरबस्तानातल्या लिपीवरून आली, यावर वाद नाही. पण अरबस्तानातली ती लिपी फक्त व्यंजनांची होती. इथिओपियातल्या प्राचीन अक्सुमच्या राज्यातले सुरुवातीचे लेखही तसेच, व्यंजनं तेवढी लिहिलेले. मग चौथ्या शतकात, एझाना राजाच्या कारकिर्दीत, लेखांत अचानक स्वरचिन्हं दिसू लागतात. तीही वेगळी अक्षरं म्हणून नाहीत, व्यंजनाच्या अंगावरच लावलेली : ‘ऊ’साठी मध्यावर आडवी रेघ, ‘ई’साठी पायाशी रेघ, ‘ए’साठी पायाशी छोटं कडं, ‘आ’साठी एक पाय लांब. आणि ज्या अक्षराला काहीच लावलेलं नाही, त्यात ‘अ’ धरायचा. व्यंजनाच्या अंगावर मात्रा, आणि मात्रा नसेल तिथे ‘अ’ आहेच, ही जोडी तोवर जगात आणखी एकाच ठिकाणी होती. ते ठिकाण म्हणजे भारत. अशोकाच्या शिलालेखांपासून, म्हणजे एझानाच्या सहाशे वर्षं आधीपासून, आपण असंच लिहीत होतो.

माझा दावा सरळ आहे : अक्सुमच्या लेखनिकांनी ही युक्ती भारतीयांकडून घेतली. हा तर्क मी पहिल्यांदा मांडत नाही. लिपीच्या अभ्यासकांत तो जुना आहे आणि त्याला विरोधही जुना आहे. विरोधातले मुद्दे कच्चे नाहीत, म्हणून एकेक घेऊ.

पहिला प्रतिस्पर्धी ग्रीक. एझाना ख्रिस्ती झाला, त्याला दीक्षेकडे नेणारा फ्रुमेन्शियस हा टायर शहराचा, आणि अक्सुमच्या दरबारात ग्रीक चालत असे. नाण्यांवरही ती आहे. तेव्हा स्वर लिहिण्याची सवय ग्रीकांकडून आली असं म्हणणं सोयीचं. पण त्याच काळात ग्रीकांच्या प्रभावाखाली ख्रिस्ती धर्माबरोबर ज्या लिप्या घडल्या त्या पाहा. इजिप्तमधली कॉप्टिक, गॉथ लोकांची गॉथिक, आर्मेनियाची, जॉर्जियाची. या चारही लिप्यांत स्वर हे स्वतंत्र अक्षर आहे, व्यंजनाच्या शेजारी बसणारं. एकीनेही मात्रा घेतली नाही, एकीनेही न लिहिलेला ‘अ’ गृहीत धरला नाही. ग्रीकांचा धडा घेतलेला विद्यार्थी काय लिहितो ते या चार लिप्या दाखवतात, आणि अक्सुमची लिपी त्यांच्यासारखी दिसत नाही. ग्रीकांनी स्वर लिहिण्याची गरज पटवली असेल, एवढं मी मान्य करतो. रीत त्यांची नाही.

दुसरा आक्षेप अक्षरांच्या क्रमाचा. भारतीय गुरुजी असते तर क-वर्ग, च-वर्ग आला असता. फिदेल मात्र ह, ल पासून सुरू होतो. हे खरं आहे. शेजारी जपानचं उदाहरण ठेवलं की हा आक्षेप आणखी टोचतो. संस्कृत शिकणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला आणि त्यातून त्यांच्या काना लिपीचा अ-इ-उ-ए-ओ, क-स-त-न हा क्रम लागला. तिथे आपला वर्णक्रम स्पष्ट ओळखू येतो. पण जपानी भिक्षू वर्षानुवर्षं पोथ्या घेऊन बसले होते. अक्सुमकडे स्वतःचा जुना क्रम आधीच होता, आणि शाळेत घोकून पक्का झालेला क्रम कोणी सहजी मोडत नाही. क्रम जुना राहिला, मात्रा नवीन आली, एवढंच यातून सिद्ध होतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण तो उलटून माझ्याच बाजूने येतो. ब्राह्मीत अ, इ, उ, ए यांना शब्दारंभी स्वतंत्र अक्षरं आहेत. इथिओपियात नाहीत. तिथे ‘अ’चं एक अक्षर घेऊन त्यालाच मात्रा लावतात : अ, अु, अि, आ, अे. मराठी वाचकाला हे वाचून सावरकर आठवतील. लिपिशुद्धीच्या चळवळीत त्यांनी आग्रह धरलेली अ-ची बाराखडी ती हीच. ब्राह्मीचा विद्यार्थी असं का करील, असा प्रश्न विरोधक विचारतात. पण प्राचीन भारतात ब्राह्मी एकटी नव्हती. वायव्येकडे खरोष्ठी होती, आणि खरोष्ठीत नेमकं हेच करतात : एकच ‘अ’, त्याला मात्रा. कुषाण सम्राट विम कदफिस याच्या सोन्याच्या नाण्यांवर खरोष्ठी लेख आहेत. आणि इथिओपियात देब्रे दामो नावाचा डोंगरावरचा मठ आहे, जिथे आजही दोराला धरून चढावं लागतं. तिथे १९४० साली शंभरावर कुषाण सुवर्णनाणी सापडली, त्यांत विम कदफिसचीही आहेत. नाण्यावरून कोणी लिपी शिकत नाही हे मला मान्य आहे. पण ज्या वाटेने सोनं गेलं, त्या वाटेने हिशेब लिहिणारी माणसंही गेली असणारच.

त्या वाटेचे पुरावे आपल्या दाराशी आहेत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं आहेत, पैठण आणि तेर ही बाजारपेठा आहेत, आणि अक्सुमचं बंदर अदुलिसही आहे. अदुलिसच्या भागात भारतातून लोखंड, पोलाद आणि सुती कापड उतरत असे, असं तो सांगतो. ज्या प्रदेशातून हा माल जाई त्याला तो अरिआके म्हणतो. गुजरातपासून उत्तर कोकणापर्यंतच्या पट्ट्याशी हे नाव जोडलं जातं. त्याच सुमाराच्या दोन-तीन शतकांत कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणचे व्यापारी ब्राह्मीत आपली दानं कोरून ठेवत होते. म्हणजे इथला व्यापारी लिहिता-वाचता होता आणि मात्रा लावूनच लिहीत होता.

तरीही कोणी म्हणेल, दोन्ही टोकं दाखवलीत, मधला सांधा कुठे आहे? सांधा सोकोत्रा बेटावर आहे. एडनच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर होक नावाची खोल गुहा आहे. तिथे बेल्जियन संशोधकांना या शतकाच्या सुरुवातीला दोनशेच्या आसपास लेख सापडले. बहुतेक ब्राह्मीत, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले, भारतीय खलाशी आणि व्यापाऱ्यांनी आपली नावं लिहून ठेवलेले. भरूचचं नावही त्यांत आहे. आणि त्याच गुहेत अक्सुमच्या लिपीतलेही लेख आहेत. अक्सुमचा माणूस आणि भरूचचा माणूस एकाच अंधाऱ्या गुहेत, मशालीच्या उजेडात, आपापली अक्षरं लिहीत होते. मला याहून अधिक सांधा नको आहे.

शेवटचा प्रतिस्पर्धी सगळ्यात चिवट : अक्सुममधल्याच एखाद्या हुशार लेखनिकाला हे आपलं आपण सुचलं असेल. त्याचं नाव सांगणारा शिलालेख नाही, तसा भारतीय गुरूचंही नाव सांगणारा नाही. पण आकार न घेता नुसती युक्ती घेता येते, याचं अलीकडचं उदाहरण आहे. १८४० साली कॅनडात जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने क्री भाषेसाठी लिपी केली. अक्षराची दिशा फिरवली की स्वर बदलतो. आकार देवनागरीसारखे अजिबात नाहीत, पण त्यामागे देवनागरी आणि पिटमनचं लघुलेखन असल्याचं अभ्यासक मानतात. फिदेलच्या मात्रांचे आकार ब्राह्मीशी जुळत नाहीत, हा आक्षेप त्यामुळे माझ्या लेखी निकामी ठरतो.

या सगळ्या प्रवासावर एक विलक्षण उलटी मोहोरही बसली आहे. १९९० साली पीटर डॅनियल्स या अमेरिकन लिपितज्ज्ञाने, व्यंजनाच्या अंगावर स्वर लावणाऱ्या आणि न लिहिलेला ‘अ’ धरणाऱ्या लिप्यांना एक वर्गनाम दिलं : अबुगिदा. अ, बु, गि, द या फिदेलच्या चार अक्षरांवरून. देवनागरी, बंगाली, तमिळ, थाई या सगळ्या आज जगभरच्या भाषाशास्त्रात या इथिओपियन नावाने ओळखल्या जातात. आईला लेकीच्या नावाने हाक मारावी तसं हे झालं आहे, आणि मला त्याचा आनंद आहे.

आता एक विनंती, अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत मराठी शाळा चालवणाऱ्यांना आणि इथे अमराठी मुलांना मराठी शिकवणाऱ्यांना. गतेन्योंच्या रंगांचा फिडेल मराठीसाठी करा. आपली बाराखडी स्वरांना चोख आहे, पण ‘च’ आणि ‘ज’ जवळ आले की नवशिक्या अडतो. चाकातला च आणि चारमधला च एकाच अक्षराने लिहितो आपण. जगमधला ज आणि जगण्यातला ज तसाच. श आणि ष बोलण्यात एक झाले, लिहिण्यात दोन राहिले. अक्षर न बदलता नुसता रंग बदलला तर मुलाला उच्चार डोळ्यांनी दिसेल. चाक एका रंगात, चार दुसऱ्यात. श आणि ष एकाच रंगात. एवढा तक्ता करायला एक पुठ्ठा आणि रंगीत खडूंची एक पेटी पुरते.