नकाशाच्या फळीपासून पडद्यापर्यंत: बुऱ्हाणपूरच्या वीजवितरणाचा एक धागा

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यासारख्या जुन्या वस्त्यांत घर आणि कारखाना शेजारी असल्याने, आणि यंत्रमाग हा शहराचा मोठा धंदा असल्याने, एका फीडरवरील, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एका वाहिनीवरील, वीजपुरवठ्याचा बंद घराघरांत आणि मागामागांवर जाणवतो. हा बंद घेण्याचा क्रम ठरलेला असतो: आधी सर्किट ब्रेकर उघडून प्रवाह तोडायचा, मग आयसोलेटर, म्हणजे वाहिनी दिसेल अशी विलग करणारा खटका, उघडायचा आणि शेवटी वाहिनी भूसंपर्कित करायची; कारण आयसोलेटर भारावर, म्हणजे प्रवाह चालू असताना, उघडला तर ठिणगीचा लोळ उठून माणूस भाजू शकतो.

हा क्रम पूर्वी भिंतीवरील नकाशाफळीवर खुणा लावून तपासला जाई. 1956 मध्ये वॉर्ड आणि हेल या अभियंत्यांनी अंकीय संगणकावर भारप्रवाह, म्हणजे कोणत्या वाहिनीतून किती वीज वाहते ते, काढण्याची पद्धत मांडली, आणि पुढे पडद्यावरील एकरेषीय आकृतीवर, म्हणजे तिन्ही फेज एकाच रेषेने दाखवणाऱ्या आकृतीवर, खटके उघडझाप करून परिणाम आधीच दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्या गणिताचा आधार मिळाला.

खरे खटके मात्र सगळीकडे दुरून हलवता येत नव्हते. केंद्र सरकारच्या 2008 च्या वितरण सुधारणा योजनेत अशा दूरनियंत्रणासाठी शहराच्या 4 लाखांवर लोकसंख्येची आणि 35 कोटी युनिट वार्षिक विजेची अट होती; 2011 च्या जनगणनेतही सुमारे 2 लाख 10 हजार लोकसंख्या असलेले बुऱ्हाणपूर त्या अटीत बसत नव्हते. जिथे खटका हातानेच ओढावा लागतो, तिथे पडद्यावरील तालमीचे मोल अधिकच, कारण चुकीचा क्रम पडद्यावर कोणालाही न भाजता उघडकीस येतो.