वस्तीच्या रेषेची कुळकथा

झारच्या राज्यात ज्यूंनी कुठे राहायचं ते ठरवणारी एक हद्द होती : ‘चेर्ता ओसेद्लोस्ती’, म्हणजे वस्तीची रेषा. तिचा उगम बाजारपेठेत आहे.

1772 ते 1795 या काळात रशियानं तीन खेपांत पोलंडचा मोठा मुलूख गिळला आणि त्याबरोबर लाखो ज्यू आपसूक झारचे प्रजाजन झाले. त्याआधी रशिया त्यांना थारा देत नसे. 1742 मध्ये सम्राज्ञी एलिझाबेथनं होते त्यांनाही हाकलण्याचा हुकूम काढला होता. आता बेलारूसमधले ज्यू व्यापारी मॉस्कोत परदेशी माल कमी भावात विकू लागले. तिथल्या व्यापाऱ्यांनी 1790 मध्ये तक्रार केली आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात कॅथरिन दुसरीनं फर्मान काढलं : ज्यूंनी बेलारूसमध्ये आणि काळ्या समुद्राकाठच्या नव्यानं जिंकलेल्या मुलखातच राहावं, व्यापार करावा. एका पेठेचा नफा राखायला काढलेला हा हुकूम पुढे सव्वाशे वर्षं माणसांच्या मानेवर बसला, याची मला आजही चीड येते.

1794 मध्ये ज्यूंवर दुप्पट कर आला. 1827 पासून पहिल्या निकोलसनं त्यांची बारा वर्षांची मुलंही सैनिकी शाळांसाठी उचलली. त्यातल्या अनेकांना बाप्तिस्मा घ्यायला भाग पाडलं. दुसऱ्या अलेक्झांडरनं बडे व्यापारी, पदवीधर, कारागीर यांच्यासाठी रेषेबाहेरची वाट थोडी मोकळी केली. 1881 मध्ये त्याचा खून झाला, ज्यूंविरुद्ध दंगली पेटल्या. आणि 1882 च्या ‘मे कायद्यां’नी शिक्षा दिली ती दंगलग्रस्तांनाच : रेषेच्या आतही खेड्यांत नव्यानं राहायला बंदी. 1897 च्या जनगणनेत साम्राज्यात पन्नास लाखांहून जास्त ज्यू होते. त्यातले दहांतले नऊ या हद्दीत दाटीवाटीनं जगत होते.

इसाक लेवितानचं उदाहरण मला फार बोचतं. रशियन निसर्ग म्हटला की आजही त्याची चित्रं डोळ्यांपुढे येतात. त्यालाच ज्यू म्हणून 1879 मध्ये आणि पुन्हा 1892 मध्ये मॉस्को सोडावं लागलं. त्या दुसऱ्या खेपेलाच त्यानं ‘व्लादिमिरका’ रंगवलं : सैबेरियाला नेल्या जाणाऱ्या कैद्यांचा रस्ता.

रेषा मोडली ती युद्धानं. 1915 मध्ये लष्करानं ज्यूंना हेरगिरीच्या संशयावरून आघाडीजवळच्या गावांतून हुसकलं. एवढे निर्वासित ठेवायचे कुठे, म्हणून सरकारनं आतल्या भागातली शहरं खुली केली. मॉस्को आणि पेत्रोग्राद मात्र तेव्हाही वगळली. कायद्यानं ही बंधनं उठली 1917 च्या वसंतात, झारनं गादी सोडल्यावर.