सीपॅप उपचारातील आर्द्र हवा
स्लीप अॅप्नियाच्या अवरोधी प्रकारात झोपेत घसा मिटून श्वास अडतो. ऑस्ट्रेलियाचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सीपॅप उपचारात मास्कमधून सतत दाबाची हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवतात. झोपेत तोंड उघडे पडले की ही हवा नाकातून शिरून तोंडावाटे निसटते. एरवी उच्छ्वासासोबत नाकात परतणारा ओलावा परतत नाही. नाक कोरडे पडते, आतून सुजून चोंदते. या त्रासाला कंटाळून काही रुग्ण यंत्रच बाजूला ठेवतात, म्हणून ओलाव्याची सोय महत्त्वाची. त्यासाठी यंत्राला पाणी तापवणारी छोटी टाकी जोडतात. तीत डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाच्या पाण्याचे क्षार तळाशी बसतात. उरलेले पाणी रोज सकाळी ओतून टाकी धुवावीच. खोली गार असल्यास नळीत थेंब साचून गुरगुरतात. तेव्हा आर्द्रता कमी करावी किंवा तापणारी नळी वापरावी.