बंब
बंब : स्नानोदक तापविण्याचे तांब्याचे अथवा पितळेचे उभे पात्र. याच्या मध्यावरील नळीत वरून लाकडाच्या ढलप्या व कोळसे टाकून तळच्या जाळीवर विस्तव पेटविला असता भोवतालचे पाणी तापून तोटीवाटे काढता येते व राख जाळीखाली साचते. पेशवेकाळात कोकणातून येऊन पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत स्थायिक झालेल्या त्वष्टा कासारांचे कारखाने हंडे, घंगाळी यांबरोबरच बंबांसाठीही नावाजले गेले. तेथे ओळीने बसणाऱ्या हातोडीच्या घावांनी, म्हणजेच मठारकामाने, पत्र्यास काठिण्य व झळाळी प्राप्त होते. स्टेनलेस स्टीलची भांडी व विजेची उपकरणे यांच्या प्रसाराने या व्यवसायास उतरती कळा लागली. तथापि मठारलेल्या शोभिवंत वस्तूंना अद्यापि गिऱ्हाईक आहे.