श्रेयनामावलीबाहेरची अभिनेत्री : थेरेसा हॅरिस

अमेरिकन चित्रपटाचा इतिहास लिहिताना श्रेयनामावली हे विश्वसनीय साधन मानले जाते. कृष्णवर्णीय कलावंतांच्या बाबतीत मात्र ते अपुरे, किंबहुना दिशाभूल करणारे ठरते. थेरेसा हॅरिस (१९०६-१९८५) हे त्याचे ठळक उदाहरण होय. ‘बेबी फेस’ (१९३३) मधील तिची चिको ही नायिका लिलीची (बार्बरा स्टॅनविक) पुढे मोलकरीण होत असली, तरी आधी मैत्रीण आहे. दोघी मालगाडीतून एकत्रच न्यूयॉर्कला निघतात. चिकोला कामावरून काढण्याची सूचना लिली साफ धुडकावते. त्या काळच्या पडद्यावर असे नाते विरळाच. पुढे हॅरिसच्या वाट्याला बहुधा मोलकरणीच आल्या, त्याही पुष्कळदा निनावी. ‘कॅट पीपल’ (१९४२) मधील वेट्रेस आणि ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) मधील युनिस तिनेच साकारली. दोन्ही नामावल्यांत तिचे नाव नाही. युनिसचा प्रसंग तर मुद्दाम पाहावा असा आहे. व्यवसायाने ती मोलकरीणच. परंतु येथे कृष्णवर्णीयांच्या नाइटक्लबात नटूनथटून, जोडीदारासह बसलेली आहे. चौकशीस आलेला गोरा नायक त्या टेबलाशी परका आहे, आणि किती सांगायचे हे युनिस ठरवते.